लोद या क्रियापदाखालचं वाक्य

३ ऑक्टोबर

ताई,

मायन्यात काय लिहावं यावर दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं ताई. हे पत्र ऑफिसच्या कामाचं आहे असं समजून वाच. फाडायचं असेल तर आधी सोबतचा फॉर्म बाजूला काढ. तो कार्यालयाचा आहे आणि त्याला जावक क्रमांक पडलाय.

काम असं. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघतेय. नव्या संचालिकाबाई कडक आहेत. पहिल्या आवृत्तीत ज्या उदाहरणाच्या वाक्यांपुढे 'खा. प.', म्हणजे खासगी पत्र, असं छापलंय, त्या प्रत्येक वाक्याला मूळ लिहिणाऱ्याची लेखी संमती हवी, असं त्यांनी ठरवलंय. अशी वाक्यं निघाली एकशे बारा. लिहिणारे निम्मे वारले आहेत आणि उरलेल्यांना आपण कधी काही लिहिलं होतं हेच आठवत नाही. कालच एक आजोबा फोनवर मला म्हणाले, "मी एवढं चांगलं इंग्रजी लिहायचो?" आणि आनंदाने हो म्हणाले.

त्यातलं एक तुझं. पान पाचशे एकसष्ट, लोद (loathe) या क्रियापदाखाली. पान तुला सांगायची गरज नाही, पण फॉर्ममध्ये तसा रकाना आहे. होय किंवा नाही यावर खूण करायची, कारण लिहायला एक ओळ आहे, खाली सही. नोव्हेंबर संपताना मजकूर छापखान्यात जातो आणि त्याच दिवशी मी निवृत्त होतो. माझ्याकडे शेवटचं काम आलंय ते द्वेषाच्या क्रियापदांचं. हेट, डिटेस्ट, लोद, ॲभॉर, डिस्पाइज. पाचही जणींतला फरक सांगणारी एक टीप लिहायची आहे.

अकरा वर्षांनी पत्र लिहितोय आणि सोबत फॉर्म पाठवतोय, म्हणजे मी काही सुधारलो नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझा
किड्या
(हे नाव तू ठेवलंस. मागे घेतल्याचं लेखी कळवलेलं नाहीस, म्हणून वापरतो.)


१६ ऑक्टोबर

ताई,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी डाक आली की मी उगाच टपालाच्या कपाटापाशी जाऊन उभा राहतो. आमच्या कार्डवाल्या बाई, म्हणजे तीस वर्षं शब्दांची कार्डं लावणाऱ्या, तुला त्या आठवतील, त्या म्हणाल्या, "काय हो, निवृत्तीच्या वयात प्रेमपत्राची वाट बघताय की काय?" मी म्हटलं, द्वेषाच्या पत्राची. त्या हसल्या. विनोद नव्हता तो.

टीप काही केल्या जमत नाही. बाईंचं म्हणणं, "सगळीकडे तिरस्कार टाका की, कोण बघायला येतंय?" पहिल्या आवृत्तीत आम्ही जवळजवळ तसंच केलं होतं. पण तूच मला एकदा याच शब्दांवरून झापलं होतंस, मी कॉलेजात असताना. तू तेव्हा ऑफिसात दिवसभर साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप करायचीस आणि घरी येऊन माझं इंग्रजी तपासायचीस. मी निबंधात लिहिलं होतं की मला भेंडीची भाजी ॲभॉर होते. तू म्हणालीस, "किड्या, भेंडीने काय अत्याचार केलाय तुझ्यावर?" ॲभॉर हा तत्त्वाचा द्वेष. क्रौर्य, गुलामगिरी, असल्या गोष्टींपासून माणूस शहारून मागे सरतो, तो. कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीबद्दलही तो वाटू शकतो, म्हणून भाषणात बरा पडतो. डिस्पाइज म्हणजे वरून खाली बघणं. त्याला उंचावर बसायला लागतं. डिटेस्ट थंड डोक्याचं, ठाम. आमच्या संचालिकाबाई खाडाखोड डिटेस्ट करतात. हेटचं तर लोकांनी चिंधी करून टाकलीय, सोमवारपासून सासऱ्यापर्यंत काहीही चालतं.

आणि लोद. त्याच्यात शरीर आहे. पोटात ढवळून येणं, अंग आक्रसणं. मला वाटतं, लोद करायला ती गोष्ट जवळ असावी लागते, रोजची, हात लागेल एवढी. हे मी टिपेत कसं लिहू, कळत नाही.

एक गंमत बघ. इंग्रजीत ही पाचही माणूस स्वतः करतो. आपल्याकडे तिरस्कार करतात, द्वेष करतात, पण किळस येते, वीट येतो, शिसारी येते. न बोलावता येते, आणि आपण आपले दाराशी उभे. हे तुला लिहावंसं वाटलं, एवढंच. फॉर्मची घाई नाही. म्हणजे आहे, पण तुझ्यावर नाही.

किड्या


२९ ऑक्टोबर

ताई,

आज तिसरं. आता फॉर्मचा बहाणा पुरे.

संचालिकाबाईंनी मला विचारलं, "हे पाचशे एकसष्टवरचं वाक्य आलं कुठून? इतकं जिवंत वाक्य अख्ख्या कोशात नाही."  मी म्हटलं, बहिणीचं आहे. त्या म्हणाल्या, "मग संमतीला वेळ का लागतोय?" मी म्हटलं, टपाल हल्ली हळू आहे.

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा क्रमाने लिहितो. ते मी कधीच कुणापुढे क्रमाने मांडलेलं नाही.

आई सगळ्यांची पत्रं फोडून वाचायची, म्हणून आपण दोघं एकमेकांना इंग्रजीत लिहायचो. आई गेली तरी सवय राहिली. पोटातलं काही असलं की इंग्रजी. भाऊजींना झटका आला, उजवा हात गेला, बोलणं गेलं. लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस, मशीन नुसतं ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा, तो घोटभर पाणी मागायला हातवारे करू लागला. डावा हातही थरथरायचा. स्टीलच्या वाडग्यात पेज, आणि चमचा वाडग्याच्या कडेवर टणटण, टणटण, घास तोंडाशी जाईपर्यंत. तीन वेळा, रोज. तेव्हा तू ते पत्र टाइप केलंस. चार पानं होती. आपण किती थकलोय ते तू पहिल्यांदाच कुणाला सांगत होतीस. त्यात ते वाक्य होतं. आय लोद द साउंड ऑफ हिज स्पून अगेन्स्ट द बोल.

माझ्याकडे त्याच आठवड्यात एल अक्षराची कार्डं होती. आमच्या जुन्या मुख्य संपादकांचा नियम तुला ठाऊक आहे, बनवलेलं वाक्य चालणार नाही, कुणीतरी खरोखर लिहिलेलं हवं. पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून नाही मिळालं तर घरून आणा म्हणायचे. लोकांनी काय काय आणलं होतं! भाडेकरूंच्या तक्रारी, मुलांची होस्टेलातली पत्रं, एकाने तर सासूचं मृत्युपत्र. मी तुझं वाक्य आणलं. खाली मराठी दिलं: वाडग्यावर आपटणाऱ्या त्याच्या चमच्याच्या आवाजाची मला शिसारी येते. नाव छापत नाहीत, कोण कुणाला ओळखणार, असं वाटलं.

दोन वर्षांनी कोश छापून आला. भाऊजींना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज एक पान मोठ्याने वाचायचं, सोपे शब्द, अर्थ, वाक्य. मी कोशाची प्रत घेऊन आलो. तू किती खूश झालीस. म्हणालीस, "बघा, तुमच्या मेहुण्याने तुमच्यासाठी अख्खा ग्रंथ लिहिलाय." ते रोज एक पान वाचायला लागले.

मग एका दुपारपासून त्यांनी चमचा हातात धरायचं सोडलं. थरथरत्या हाताने, बोटांनी जेवायला लागले. शर्टभर सांडायचं, तासभर लागायचा. तू चिडायचीस. ते गेल्यावर महिन्याभराने तुला पान पाचशे एकसष्टवर, तुझ्या वाक्याशेजारी, पेन्सिलीची खूण दिसली. तू फोन केलास. "किड्या, त्यांनी वाचलं होतं." एवढंच बोललीस आणि ठेवलास.

मला माफ कर. घाईत झालं ते. तुला कोश आणून दिला तेव्हा ते वाक्य त्यात आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

किड्या


८ नोव्हेंबर

ताई,

तुझं पाकीट आलं. अक्षर तेच, टोकदार. फॉर्म कोराच आहे, सोबत कागदावर एक ओळ: तुला माहीत होतं का?

अकरा वर्षांनी आलेल्या चार शब्दांना काय उत्तर द्यायचं म्हणून मी दिवसभर ऑफिसात नुसती कार्डं सरळ करत बसलो. कार्डवाल्या बाईंनी शेवटी माझ्या हातातून गठ्ठा काढून घेतला.

ते पानं वाचताहेत हे मला माहीत होतं. तिथवर पोचले हे तुझ्या फोनवरून कळलं, त्याआधी नाही.

किड्या


१२ नोव्हेंबर

ताई,

मागचं पत्र खोटं आहे. त्याआधीच्या पत्राचा शेवटही.

खरं सांगायचं तर कंटाळा आलाय मला माझ्या स्वतःच्या चतुराईचा. निवृत्तीला अठरा दिवस राहिलेत, गुडघा दुखतो, घरी वाट बघणारं कोणी नाही, आणि अजूनही मी तुझ्यापुढे शब्द निवडतोय. आता निवडत नाही.

कोश तुझ्या घरी आणला तेव्हा ते वाक्य त्यात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मी हिशेब केला होता. रोज एक पान, सुरुवात एपासून, एल येईस्तोवर दीड वर्ष. मनात म्हटलं, भाऊजी तिथवर कुठले पोचतायत. ताई, मी असं म्हटलं. कंटाळतील किंवा मरतील, दोन्ही धरून चाललो होतो, आणि हातात पेढ्याचा पुडा असल्यासारखा तो ग्रंथ घेऊन तुझ्या दारात उभा राहिलो. कारण मला कौतुक हवं होतं. माझं नाव संपादकांच्या यादीत सहावं होतं.

ते पोचले. एक दिवस चुकवला नाही त्यांनी, तूच सांगायचीस.

ते पान वाचून झाल्यावरच्या रविवारी मी आलो होतो. तू आत चहा टाकायला गेलीस. भाऊजींनी डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला, माझ्या हातात कोंबला. म्हणाले, "वा... वाच. बाहेर." त्यांना तेव्हा बरेच शब्द यायला लागले होते, पण हे दोन काढताना घाम आला. मी कागद खिशात टाकला. तू चहा घेऊन आलीस आणि म्हणालीस, "काय गुपितं चाललीयत मेहुण्या-मेहुण्यांची?" भाऊजी हसले. तोंडाची एक बाजू हसायची ना, तसे.

जिन्यात उघडून वाचला. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या सरावाच्या कागदाची मागची बाजू. वाकडीतिकडी अक्षरं, एकेक चिमटीएवढं. उतरवून देतो:

वाक्य बरोबर.
मलाही.
तिला सांगू नका.

बस. तीन ओळी.

मधली ओळ मी पुन्हा वाचली. मलाही. त्यांनाही तो आवाज सहन होत नव्हता, ताई. ज्याचे कान बेअरिंगमधली बारीक खरखर पकडायचे, त्याला स्वतःच्या हाताची टणटण दिवसातून तीनदा ऐकावी लागत होती. तुझ्यावर रुसून नाही चमचा टाकला त्यांनी. त्यांना बहुतेक वाटलं असेल, बरं झालं, आता दोघांची सुटका. लेथवर पास झालेल्या नगावर ते करायचे तशीच ती पेन्सिलीची खूण असावी. मी पाहिलेली नाही. तू पाहिलीयस, तुला कळेल.

पुढचे आठ महिने मी दर रविवारी येत होतो. तुम्ही दोघं आणि मी, तिघं त्या टेबलाशी. तू म्हणायचीस, "अहो, चमचा घ्या ना, लहान मूल आहात का? दिवसाला तीन शर्ट धुते मी." ते मान हलवायचे, बोटांनी भात गोळा करायचे, आणि माझ्याकडे बघायचे. मी ताटात बघायचो. तुला एकटीला वाटत होतं की असं वाटणारी बायको जगात दुसरी नसेल. त्यांना वाटत होतं तुला कळता कामा नये. दोघांनाही त्या एकाच आवाजाचा वीट आला होता, दोघांनाही त्याची लाज वाटत होती, आणि दोघांचं मला माहीत होतं. जगात फक्त मला. एक वाक्य बोललो असतो तर तुम्ही हसला असतात. मला खात्री आहे, हसला असतात. तू स्टीलचं वाडगं खिडकीतून फेकून दिलं असतंस.

आठ महिने मी मूग गिळून बसलो, कारण त्यांनी सांगू नका म्हटलं होतं. पण ते कारण त्यांच्याबरोबरच संपलं. पुढची अकरा वर्षं माझी. तुझा फोन आला तेव्हा चिठ्ठी समोरच्या खणात होती. दाखवली असती तर तू विचारलं असतंस, त्यांच्या हयातीत का नाही दाखवलीस. निष्काळजी भाऊ म्हणून तुझा राग सोसणं मला परवडत होतं. भेकड म्हणून सोसायची हिंमत नव्हती. म्हणून ते दुखावून गेले, असं तुला अकरा वर्षं वाटू दिलं.

तू विचारलंस ना, माहीत होतं का. होतं. सगळं.

किड्या


२९ नोव्हेंबर

ताई,

फॉर्म मिळाला. 'नाही'वर खूण, सही, तारीख, सगळं व्यवस्थित. कारणाच्या ओळीत तू लिहिलंयस: हे वाक्य आमच्या दोघांचं आहे.

मी तो संचालिकाबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. मला वाटलं आता प्रश्न विचारतील. त्यांनी लाल पेनाने पान पाचशे एकसष्टवरची ती ओळ काढली आणि म्हणाल्या, "मग दुसरं खरं वाक्य द्या, संध्याकाळपर्यंत." कार्डवाल्या बाईंनी जुन्या तक्रारींच्या फाइलीतून शोधून दिलं. एका भाडेकरूने लिहिलंय की तळमजल्यावरच्या बाइंडिंगच्या खळीच्या वासाची त्याला शिसारी येते. साधंसुधं वाक्य आहे. कुणाचं काही बिघडत नाही त्याने. टीपही दिली. लोदपुढे लिहिलंय की ज्याच्याशी रोज, अगदी जवळून संबंध येतो त्याबद्दल, आणि हे प्रेम असतानाही वाटू शकतं. संचालिकाबाईंनी ते शेवटचं ठेवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठेवा, मला माहीत आहे.

उद्या टेबल रिकामं करायचं. निरोपाचा कार्यक्रम चार वाजता आहे. माझ्याबद्दल खोटं बोलतील, मी ऐकून घेईन.

फॉर्मसोबतच्या तुझ्या दुसऱ्या कागदावरच्या चार ओळी मला पाठ झाल्यात: चिठ्ठी पाठव. नक्कल नको. पोस्टाने पाठव. तू अजून येऊ नकोस.

मी बॅग भरून ठेवली होती, ताई. स्वतः घेऊन यायचं, दारातून देऊन परत फिरायचं, एवढंच ठरवलं होतं. आज ती उघडून कपडे पुन्हा कपाटात लावले.

चिठ्ठी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवतोय, घडी विरलीय, जपून उघड. त्यांची बोटं तेलकट असावीत, कोपऱ्यात डाग आहे, तो माझा नाही. रजिस्टर केलंय. पोचल्याचं कळवायची गरज नाही, पोस्टाची पावती येते परत, त्यावर घेणाऱ्याची सही असते.

किड्या